पडणारा एक, नाव दुसऱ्याचे

हल्ली घरी बसून चित्रपट पाहताना एक गोष्ट मनाला खटकते. कथा संपून श्रेयनामावली सुरू होते न होते, तोच ती नावे आक्रसून पडद्याच्या एका कोपऱ्यात जातात आणि उरलेल्या जागेत पुढच्या चित्रपटाची जाहिरात सुरू होते. ज्यांनी चित्रपट घडवला त्यांची नावे वाचण्याइतकीही उसंत प्रेक्षकाला दिली जात नाही. सुट्टीसाठी आलेल्या नातवाबरोबर ‘द फॉल गाय’ हा २०२४ सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला, तेव्हा असेच घडले. नातू रिमोटकडे हात नेत होता. मी त्याला थांबवले. त्या कोपऱ्यातल्या चौकोनात काहीतरी हलताना दिसत होते. चौकोन मोठा करून घेतला, तर नावांबरोबर चित्रीकरणाच्या वेळची दृश्ये चालली होती. नायकासारखाच पोशाख केलेली, नायकासारखेच केस ठेवलेली, पण नायक नसलेली काही माणसे उंचावरून पडत होती, पेटत होती, काचांवर आदळत होती आणि उठून हसत होती. नातू क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, “आजोबा, म्हणजे आपण मघापासून यांनाच पाहत होतो?”

त्याच्या या प्रश्नाने मला लिहिते केले. एरवी मारधाडीच्या एका विनोदी चित्रपटावर आपल्या या अंकाची पाने खर्ची घालण्याचे धाडस मी केले नसते. परंतु करमणुकीसाठी काढलेली कलाकृतीही कधीकधी गंभीर म्हणवणाऱ्या कलाकृतीपेक्षा नेमके काही सांगून जाते, आणि ते हसतहसत सांगितल्यामुळे आपल्या ध्यानात यायचे राहून जाते. ‘द फॉल गाय’च्या बाबतीत असे झाले आहे, असे माझे मत आहे.

प्रथम या चित्रपटाच्या मुळाविषयी. याच नावाची एक मालिका अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर १९८१ ते १९८६ अशी पाच वर्षे चालली. तिचे शंभराहून अधिक भाग झाले. ग्लेन ए. लार्सन हे तिचे निर्माते आणि ली मेजर्स हे नायक. सत्तरच्या दशकातील ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या मालिकेमुळे मेजर्स यांचे नाव तिकडे घरोघरी पोहोचले होते. ‘द फॉल गाय’मध्ये त्यांनी कोल्ट सीव्हर्स नावाच्या स्टंटमनची भूमिका केली. हा कोल्ट चित्रपटांत नायकांच्या ऐवजी उड्या मारतो, गाड्या उलटवतो. पण त्या कमाईत भागत नाही, म्हणून जामिनावर सुटून पळालेल्या गुन्हेगारांना पकडून आणण्याचा जोडधंदाही करतो. सोबतीला हाउई नावाचा शिकाऊ चुलतभाऊ आणि जोडी नावाची सहकारी तरुणी. दर आठवड्याला एक फरारी गुन्हेगार, एक पाठलाग आणि तपकिरी-सोनेरी रंगाच्या मालमोटारीची एखादी लांब उडी, असा एकंदर साचा होता.

मुलाने मिळवून दिलेले या मालिकेचे काही भाग मी पाहिले. प्रांजळपणे सांगायचे तर आज ते एका बैठकीत पाहवत नाहीत. गुन्हेगार कोण हे पहिल्या पाच मिनिटांत कळते आणि शेवटी तो हाती लागणार हेही ठाऊक असते. लक्षात राहते ते शीर्षकगीत. ते मेजर्स यांनी स्वतः गायिले आहे. त्याचा आशय असा, की जीव धोक्यात घालणारा मी, आणि शेवटी नायिकेला मिठीत घेणारा मात्र दुसराच. गाण्याच्या चालीत तक्रार नाही, मिस्कीलपणा आहे. त्या संपूर्ण मालिकेत खरोखर मोलाची अशी कल्पना एवढीच होती आणि मालिकेने ती शीर्षकगीतापुरतीच वापरली. पुढच्या पाऊण तासात कोल्ट हा इतर कोणत्याही मालिकेतल्या गुप्तहेरासारखाच वागे. त्याचा व्यवसाय हा कथेचा अलंकार होता, आशय नव्हे.

जुन्या मालिकांवरून चित्रपट काढण्याची प्रथा अमेरिकेत नवी नाही. त्यांत साधारणपणे दोन वाटा दिसतात. ‘स्टार्स्की अँड हच’ (२००४) किंवा ‘२१ जम्प स्ट्रीट’ (२०१२) यांसारखे चित्रपट मूळ मालिकेची थट्टा करतात. त्या काळचे कपडे, केशरचना आणि भाबडेपणा यांवर आजच्या प्रेक्षकाला हसवतात. दुसरी वाट ‘मिशन : इम्पॉसिबल’ची (१९९६). तेथे मालिकेचे नाव आणि संगीत तेवढे घेतले, आणि एका चमूची कथा एका ताऱ्याची कथा करून टाकली. पहिल्या वाटेवर मूळ कृतीविषयी आदर उरत नाही, दुसऱ्या वाटेवर मूळ कृतीच उरत नाही. ‘द फॉल गाय’चे दिग्दर्शक डेव्हिड लीच आणि पटकथाकार ड्रू पीअर्स यांनी यांपैकी कोणतीही वाट धरली नाही. मालिकेने शीर्षकगीतात ठेवून दिलेली ती एकच कल्पना त्यांनी उचलली आणि तिच्यावर दोन तासांचा चित्रपट उभा केला. फरारी गुन्हेगार पकडण्याचा जोडधंदा त्यांनी गाळला. स्टंटमनचा धंदा हाच विषय केला. रूपांतर म्हणजे कथानकाचे स्थलांतर नव्हे, तर मूळ कृतीत अर्धवट राहिलेला विचार पुरा करणे, ही गोष्ट मराठी साहित्याच्या वाचकाला वेगळी सांगायला नको.

कथा थोडक्यात अशी. कोल्ट सीव्हर्स (रायन गॉसलिंग) हा टॉम रायडर (ॲरन टेलर-जॉन्सन) या आत्ममग्न ताऱ्याचा डुप्लिकेट. छायाचित्रण विभागात काम करणाऱ्या जोडी मोरेनोवर (एमिली ब्लंट) त्याचे प्रेम आहे. एका इमारतीच्या आत उंचावरून पडण्याचे दृश्य तो देतो. ते उत्तम होते. पण त्यात डुप्लिकेटचा चेहरा जास्त दिसतो, अशी तक्रार ताऱ्याकडून येते आणि ते पुन्हा घ्यावे लागते. दुसऱ्या खेपेस अपघात होऊन कोल्टची पाठ मोडते. शरमेने तो साऱ्यांपासून दूर जातो आणि दीड वर्ष एका उपाहारगृहाच्या दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या लावण्याचे काम करतो. मग निर्माती गेल (हॅना वॉडिंगहॅम) त्याला ऑस्ट्रेलियात सिडनीला बोलावते. जोडी तेथे प्रथमच दिग्दर्शन करीत असते. तिनेच आपल्याला बोलावले असे कोल्टला वाटते. प्रत्यक्षात तिला याचा पत्ताही नसतो. गेलचा खरा हेतू वेगळा आहे. टॉम रायडर बेपत्ता आहे आणि त्याला गुपचूप शोधून आणायचे आहे.

पुढे प्रेत, पाठलाग, मोटारबोटी आणि केवळ फ्रेंच भाषेतील हुकूम समजणारा एक कुत्रा, अशी धमाल आहे. ती सगळी सांगण्यात अर्थ नाही. मला सांगायचे आहे ते या धमालीखाली सतत वाहणाऱ्या एका प्रवाहाविषयी.

स्टंटमनच्या धंद्यात एक संकेत आहे. दृश्य पार पडले की पडलेल्या माणसाने अंगठा उंचावून दाखवायचा. म्हणजे सगळे ठीक आहे, पुढच्या कामाला लागा. या चित्रपटात हा अंगठा पुनःपुन्हा येतो. कोल्ट गाडीसकट उलटतो आणि अंगठा दाखवतो. त्याच्या अंगाला आग लावून त्याला खडकावर आदळले जाते आणि तो अंगठा दाखवतो. हे आगीचे दृश्य चित्रपटातील सर्वांत विनोदी प्रसंगांपैकी एक आहे. काही न सांगता सोडून गेलेल्या कोल्टवर जोडीचा राग आहे. त्या रागापोटी ती तेच दृश्य पुन्हा पुन्हा घ्यायला लावते आणि मध्यंतरी ध्वनिवर्धकावरून, आपल्या चित्रपटाची कथा समजावून सांगण्याच्या मिषाने, दोघांचे प्रेमप्रकरण साऱ्या चमूसमोर काढते. कोल्ट पेटतो, विझतो, उत्तर देतो आणि पुन्हा पेटायला सज्ज होतो. प्रेक्षक हसतो. पण याच माणसाला थोड्या वेळाने आपण गाडीत एकटाच गाणे ऐकत रडताना पाहतो. जोडी अचानक येऊन उभी राहते, तेव्हा त्याची पहिली धडपड असते ती अश्रू लपवण्याची. पाठ मोडल्याचे दुःख त्याने दीड वर्ष कोणाला सांगितले नाही, कारण धंद्याने त्याला फक्त अंगठा दाखवायला शिकवले आहे. ‘ठीक आहे’ म्हणण्याची सवय लागलेल्या माणसाला ‘ठीक नाही’ हे शब्द सापडत नाहीत. आपल्या पिढीतील कित्येक कर्त्या पुरुषांची जन्मभराची कहाणी याहून वेगळी नाही.

आता चित्रपटाच्या गाभ्याकडे येतो. शोधता शोधता कोल्टला कळते, की टॉम रायडरच्या हातून एका मेजवानीत एक खून झाला आहे आणि मेलेला माणूस म्हणजे त्याचा नवा डुप्लिकेट. त्या खुनाचे चित्रण एका भ्रमणध्वनीत आहे. गेल आणि टॉम त्या चित्रणातील टॉमचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने काढून तेथे कोल्टचा चेहरा बसवतात आणि खुनी म्हणून कोल्टला जगापुढे उभे करतात. एवढ्यासाठीच त्याला सिडनीला बोलावलेले असते. दीड वर्षापूर्वीचा तो अपघातही टॉमनेच घडवून आणलेला होता, हेही पुढे उघड होते. इंग्रजीत ‘फॉल गाय’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, पडण्याचे काम करणारा. दुसरा, ज्याच्या माथी दुसऱ्याच्या अपराधाचे खापर फोडले जाते तो. मालिकेच्या नावातही ही कोटी होतीच. पण चित्रपटाने ती कथेच्या केंद्रस्थानी आणून बसवली.

मला या ठिकाणी पटकथाकाराच्या बुद्धीचे कौतुक वाटते. वरवर पाहता चेहरा बदलण्याची ही युक्ती म्हणजे आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळाला साजेसा एक रहस्यपेच आहे. पण जरा थांबून विचार केला, तर खलनायकाने नवीन असे काय केले? एकाच्या कृतीवर दुसऱ्याचा चेहरा लावणे, हाच तर या धंद्याचा रोजचा व्यवहार आहे. कोल्टने मारलेल्या उडीवर वर्षानुवर्षे टॉमचा चेहरा लावला गेला, तेव्हा त्याला कला म्हटले गेले. टॉमने केलेल्या खुनावर कोल्टचा चेहरा लावला, तेव्हा त्याला गुन्हा म्हटले गेले. तंत्र तेच, दिशा तेवढी उलटी. पराक्रम याचा आणि नाव त्याचे. अपराध त्याचा आणि नाव याचे. ज्या व्यवस्थेत पहिली गोष्ट बिनतक्रार चालते, त्या व्यवस्थेत दुसरी गोष्ट घडायला फारसा वेळ लागत नाही, असे हा चित्रपट सांगतो; आणि सांगतो तेही प्रेक्षकाच्या हातातल्या लाह्या न सांडता.

हे मला इतके जवळचे का वाटले, ते सांगण्यात संकोच नाही. राज्य शासनाच्या सेवेत तीस-बत्तीस वर्षे काढली. तरुणपणी एका टंचाईच्या वर्षी गावोगावच्या विहिरींची आणि चाऱ्याची आकडेवारी गोळा करून एक अहवाल रात्री जागून लिहिला होता. तो वरच्या सहीने गेला, त्याची वाखाणणी झाली आणि त्या समारंभात चहाची व्यवस्था पाहण्याचे काम माझ्याकडे होते. त्याचे मला वाईट वाटले नाही. सरकारी कामाची रीतच तशी आहे, मसुदा करणारा आणि सही करणारा वेगळा असायचाच. पण काही वर्षांनी लेखापरीक्षणात एका खरेदीवर आक्षेप निघाला. निर्णय वरचा होता, तोंडी होता. नोटशीटवर हस्ताक्षर मात्र माझे होते. स्पष्टीकरण माझ्याकडून मागवले गेले. दोन वर्षे ते प्रकरण चालले आणि अखेर मिटले. त्या दोन वर्षांत घरी कोणी विचारले, “काय चाललंय?” तर मी म्हणत असे, “ठीक आहे.” कोल्ट सीव्हर्सचा तो वर झालेला अंगठा पाहताना मला माझेच ते दोन शब्द आठवले. नाव नसणे सोसता येते; परंतु अहवालावर ज्याचे नाव नको होते, त्याचेच नाव आक्षेपाच्या वेळी बरोबर सापडते, हे सोसणे कठीण असते.

चित्रपटाच्या शेवटाची रचना याच विचाराला धरून आहे. कोल्ट आणि जोडी टॉमला चित्रीकरणाच्या निमित्ताने कोल्टच्याच गाडीत बसवतात. आपले सारे स्टंट आपणच करतो, अशा फुशारक्या मारणारा हा तारा आता खरोखरच्या स्टंटमध्ये अडकतो. गाडी भरधाव सुटते, स्फोट होऊ लागतात आणि भीतीने गर्भगळित झालेला टॉम सत्य ओकून टाकतो. ते ध्वनिमुद्रित होते. आयुष्यात एकदा ज्याचे पडणे त्यानेच अनुभवावे, इतकाच न्याय कोल्टला हवा असतो. सूड म्हणून ही कल्पना निर्मळ आहे आणि विनोदी कथेच्या प्रकृतीला शोभणारी आहे.

दिग्दर्शकाचा पूर्वेतिहास पाहिला, म्हणजे या आस्थेचे कारण समजते. डेव्हिड लीच हे स्वतः स्टंटमन होते. ‘फाइट क्लब’ (१९९९), ‘ट्रॉय’ (२००४) आदी चित्रपटांत ते ब्रॅड पिट यांचे डुप्लिकेट होते. पुढे ते दिग्दर्शक झाले आणि ‘बुलेट ट्रेन’ (२०२२) या चित्रपटात त्याच ब्रॅड पिट यांना त्यांनी दिग्दर्शित केले. एकेकाळी ज्यांच्या ऐवजी आपण पडत होतो, त्यांना कोठे उभे राहायचे ते सांगण्याची वेळ आली, असे भाग्य या धंद्यात क्वचितच कोणाला लाभते. ‘द फॉल गाय’मध्ये कोणती गोष्ट खरी करायची आणि कोणती संगणकावर सोडायची, याचा निर्णय अशा माणसाने घेतला असल्यामुळे, पडद्यावरच्या आघातांना वजन आहे.

एकच उदाहरण देतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी कोलांट्या खाते, ते दृश्य. अशा दृश्यासाठी गाडीच्या तळाशी एक नळकांडे बसवलेले असते. गाडी वेगात असताना दाबाखालच्या वायूने त्यातील धातूचा दांडा जमिनीवर आदळवला जातो आणि गाडी उसळून फिरू लागते. आत चालक बसलेला असतोच. वाळू मऊ असेल तर गाडी रुतते, म्हणून ती किती दबलेली आहे यावर सारे अवलंबून असते. लोगन हॉलाडे या स्टंटचालकाने या चित्रपटासाठी अशा साडेआठ कोलांट्या घेतल्या आणि गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. आधीचा विक्रम ‘कसिनो रॉयाल’ (२००६) या जेम्स बाँडपटासाठी ॲडम कर्ली यांनी केलेल्या सात कोलांट्यांचा होता. याच चित्रपटासाठी ट्रॉय ब्राउन यांनी सुमारे १५० फुटांवरून हवेच्या गादीवर उडी घेतली. त्यांचे वडीलही स्टंटमनच. बेन जेंकिन आगीत उभे राहिले आणि जस्टिन ईटन मारामाऱ्यांत. म्हणजे एका कोल्ट सीव्हर्सच्या अंगात गॉसलिंगखेरीज आणखी चार माणसे होती.

आणि येथेच चित्रपटाविषयीचा माझा पहिला आक्षेप आहे. डुप्लिकेटला चेहरा मिळवून द्यायला निघालेल्या या चित्रपटानेही त्याला दिला तो चेहरा एका ताऱ्याचाच. जे चौघे खरोखर पडले, त्यांना शेवटच्या नामावलीपर्यंत थांबावे लागले आणि ती नामावली घरच्या पडद्यावर कोपऱ्यात गेली. यात दिग्दर्शकाचा दोष मी फारसा धरणार नाही. अनोळखी चेहऱ्यावर इतका पैसा लावायला कोणी धजणार नाही, आणि गॉसलिंग असूनही या चित्रपटाने जगभर मिळवलेले सुमारे १८ कोटी डॉलर त्याच्या मोठ्या खर्चाच्या मानाने बेताचेच ठरले. तरीही विसंगती ती विसंगतीच. यापूर्वी ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’मध्ये (२०१९) स्टंटमनची भूमिका केल्याबद्दल ब्रॅड पिट यांना ऑस्कर मिळाले. स्टंटमनचे सोंग आणणाऱ्याला ते पारितोषिक होते, स्टंटमनला नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या चित्रपटात वेदना आहे, पण ती हसण्यावारी नेण्याइतकीच. मोडलेली पाठ एका वाक्यासरशी बरी होते. सिडनीच्या रस्त्यांवर ट्रकमागे फरफटत जाणाऱ्या लोखंडी पेटाऱ्यावर कोल्ट मारामारी करीत असतो आणि त्याच वेळी त्याची वाट पाहणारी जोडी एका कार्यक्रमात विरहगीत गात असते. या दोहोंची गुंफण संकलकाने बहारीची केली आहे. परंतु त्या मारानंतर कोल्ट जवळजवळ जसाच्या तसा उभा राहतो. प्रत्यक्षात असे होत नाही. लीच यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘डेडपूल २’च्या चित्रीकरणात २०१७ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे मोटारसायकल चालवणारी एक स्टंट कलाकार मृत्युमुखी पडली होती. ही सल दिग्दर्शकाच्या मनात नसेल असे मी म्हणणार नाही. पण चित्रपटात तिची सावलीही पडत नाही. कथेतही मेलेला नवा डुप्लिकेट हा केवळ कथानकाचा एक दुवा राहतो. त्याच्यासाठी कोणी दोन मिनिटे थांबत नाही. डुप्लिकेटच्या उपेक्षेविषयीच्या चित्रपटाने आपल्याच एका डुप्लिकेटची अशी उपेक्षा करावी, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव आहे. हलकेफुलकेपणाला ते झेपले नसते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. उत्तम विनोदाला एखादा क्षण थांबता येते, हे पु. ल. देशपांड्यांची व्यक्तिचित्रे वाचून मोठ्या झालेल्या मराठी माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

उरलेल्या उणिवा किरकोळ आहेत. उत्तरार्धात रहस्याची वीण सैल होते. गेल आणि टॉम ही माणसे कमी आणि व्यंगचित्रे अधिक वाटतात. या उलट गॉसलिंग आणि ब्लंट यांच्यातील नोकझोक प्रसन्न आहे. दूरध्वनीवरील त्यांच्या संभाषणाचा प्रसंग आवर्जून पाहावा. आपल्या चित्रपटात पडद्याचे दोन भाग करावेत का, अशी चर्चा दोघे करीत असतात आणि आपण पाहत असलेला पडदा तेव्हाच दुभंगलेला असतो. मूळ मालिकेतील ली मेजर्स आणि हेदर थॉमस यांनाही अगदी अखेरीस क्षणभर पडद्यावर आणले आहे. जुन्या माणसांना मानाचे पान मांडण्याची ही रीत मला आवडली.

या चित्रपटाने काही साधले का? एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. यात ख्रिस ओ’हारा यांचे नाव ‘स्टंट डिझायनर’ अशा पदनामाने आले. तिकडच्या कलावंतांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी हे पदनाम प्रथमच मान्य केले. पदनामाचे महत्त्व सरकारी नोकराला कळते. ज्या कामाला पदनाम नाही, ते काम कागदोपत्री अस्तित्वातच नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील अभिनेत्यांच्या संघटनेने स्टंट चमूसाठी असलेला आपला पुरस्कार या चित्रपटाला दिला. मग एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जाहीर केले, की २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट रचनेसाठी स्वतंत्र पारितोषिक असेल आणि ते २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात प्रथम दिले जाईल. तोवर याकिमा कनट आणि हॅल नीडहॅम यांच्यासारख्या मोजक्या स्टंटमनना सन्माननीय ऑस्कर तेवढे मिळाले होते. या निर्णयामागे अनेकांची अनेक वर्षांची खटपट आहे. लीच आणि ओ’हारा हे त्यांतील दोघे. एका विनोदी चित्रपटाने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्याने त्या मागणीला एक लोभसवाणा चेहरा दिला, एवढे खचित.

आपल्याकडेही ही माणसे आहेत. ‘शोले’मधील (१९७५) बसंतीचा टांगा आठवतो ना? त्या टांग्यावरील जोखमीच्या दृश्यांत हेमामालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण होत्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला तो २०१९ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. आणि त्याच्याही नावात ‘शोले’चा आधार घ्यावा लागला. आमच्या पिढीने तो टांगा कितीदा पाहिला असेल, पण तो हाकणारे हात कोणाचे, असे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. मी स्वतः विचारले नव्हते. नातवाने विचारले, ते त्या कोपऱ्यातल्या चौकोनामुळे.

आपल्या गावोगावच्या मंडळांनी गणेशोत्सवात केलेली नाटके आठवावीत. विंगेत पुस्तक धरून बसणारा प्रॉम्प्टर प्रत्येक नाटकात होता. अडलेल्या नायकाला वाक्य पुरवायचे आणि टाळ्या पडल्या की पान उलटायचे, एवढे त्याचे काम. मंडळांच्या जुन्या स्मरणिका चाळताना नायक-नायिकांची छायाचित्रे आढळतात. प्रॉम्प्टरचे नाव क्वचितच दिसते. ज्यांच्या घरी अशा स्मरणिका असतील आणि ज्यांना ती नावे अजून आठवत असतील, त्यांनी ती निदान समासात लिहून ठेवावीत.

त्या रात्री नातवाने चित्रपटाची नामावली पुन्हा पहिल्यापासून लावली. मी चश्मा पुसला आणि आम्ही ती शेवटच्या नावापर्यंत पाहिली. त्याला नऊ-दहा मिनिटे लागली असतील. मधेच स्वयंपाकघरातून विचारणा झाली, “अजून संपला नाही का चित्रपट?” नातवाने तिकडे अंगठा दाखवला आणि म्हणाला, “आत्ता कुठे खरी माणसं आलीत, आजी.”